शिडीचा ओटा

तिला सगळी गल्ली शिडीमावशी म्हणायची, आणि हे नाव ठेवलं होतं तिच्या सासूने. लग्न होऊन घरात शिरताना नव्या सुनेचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. सासूचं डोकं सुनेच्या खांद्यालाही धड पोचत नव्हतं. ती मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "अगंबाई, सून आणलीय की शिडी?" सगळे हसले. कपाळ चोळत नवरीही हसली. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे गल्लीतल्या पोरांना कुणी तिचं खरं नाव विचारलं असतं, तर ती एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली असती.

पण आज शिडीमावशीला पहिल्यांदा बघणाऱ्याला हे नाव चेष्टा वाटतं. पाठीतून ती अशी पुढे झुकलीय, की समोरून येताना वाटावं, बाईचं काहीतरी पडलंय आणि ती रस्त्यात शोधतेय. गल्लीत नवीन राहायला आलेली माणसं विचारतात, हिला शिडी का म्हणतात हो? जुन्यांनी कारण सांगितलं तर त्यांना ते खरं वाटत नाही.

तिच्या वाकण्याचं कारण होता स्वयंपाकघरातला ओटा. शिवणयंत्राचाही त्यात हात होता, ते नाकारून चालणार नाही. पुढच्या खोलीत यंत्र मांडून ती बायकांचे कपडे शिवायची, त्यावर निम्मं घर चालायचं. पण यंत्रावर निदान खुर्चीला पाठ टेकता येते. ओट्यापुढे ती सोय नव्हती. ओटा तिच्या मांड्यांना लागायचा. त्यावर भाजी चिरायची, पीठ मळायचं, भांडी घासायची म्हणजे सगळं कमरेतून दुमडून करायचं, सकाळी आणि संध्याकाळी, सगळी वर्षं.

तो ओटा सासूच्या मापाचा होता. आता सासूला लगेच शिव्या द्यायला जाऊ नका, तिचंही ऐकून घ्या. त्या बाईने तरुणपण जमिनीवर उकिडवं बसून चुलीच्या धुरात काढलं होतं. उभ्याने स्वयंपाक करायचा म्हणून ती सासऱ्याशी भांडली, नवऱ्याशी भांडली, अबोला धरला, आणि शेवटी गवंडी आणून आपल्या उंचीचा ओटा बांधून घेतला. बांधून झाला त्या दिवशी तिने गल्लीतल्या बायकांना बोलावून तो दाखवला. वरचा काळा दगड ती रोज रात्री पुसून झोपायची. घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

लग्नानंतर काही वर्षांनी शिडीने भीत भीत विषय काढला. "आई, ओटा थोडा वर घेता आला तर? संध्याकाळी पाठ भरून येते माझी."

सासूने हातातली वाटी खाली ठेवली. "मी जमिनीवर बसून धुराने डोळे फोडून घेतले. तुला उभ्याने करायला मिळतंय तर पाठ दुखते? मी आहे तोवर त्या ओट्याला कुणी हात लावायचा नाही."

शिडीचा नवरा तिथेच जेवत होता. शिडीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान आणखी खाली घातली आणि भात कालवत बसला.

हा नवरा छापखान्यात कामाला होता. माणूस गरीब, व्यसन नाही, पगार आणून हातात देणारा. पण तोंड उघडायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. पुढे यंत्रांच्या खडखडाटाने त्याचे कान गेले, आणि त्याला तर आयतंच निमित्त मिळालं. पिशवी घेऊन बाजारात जा म्हटलं की त्याला ऐकू यायचं नाही, चहा झाला म्हटलं की मात्र यायचं. शिडी म्हणायची, "यांचे कान सरकारी कचेरीसारखे आहेत, मनात आलं तर उघडतात."

ओट्याचा विषय तिने परत काढला नाही. सासू म्हातारी झाली, स्वयंपाकघरात पाय टाकेनाशी झाली, तरी ओटा तसाच राहिला. शेवटची काही वर्षं सासू अंथरुणावर होती. शिडीने तिचं सगळं केलं, नाक न मुरडता केलं. दोघींचं जमायचंही. दुपारी शिवता शिवता ती सासूला गल्लीतल्या बातम्या तिखटमीठ लावून सांगायची आणि म्हातारी पोट धरून हसायची. एकदा शिडी तिच्यावर वाकून उशी सारखी करत होती, तेव्हा सासू तिच्याकडे बघत राहिली. "शिडे, तू वाकलीस गं," म्हणाली. मग तिने पाणी मागितलं.

सासू गेली तेव्हा शिडी मनापासून रडली. पण काही महिन्यांनी एका सकाळी भाजी चिरता चिरता तिच्या मनात आलं, की आता विचारायला कुणी नाही. आणि ते मनात आलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिने लेकीला फोन लावला.

लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. अंगाने अगदी आजीवर गेलेली, ठेंगणी आणि तोंडाने तिखट. ती आली ती मोबाइलवर नव्या स्वयंपाकघरांचे फोटो घेऊन. गुळगुळीत कपाटं, आपोआप बंद होणारे खण, भिंतीत बसवलेले दिवे. एका दुकानात किंमत विचारली आणि दोघींचे डोळे पांढरे झाले. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, एवढ्या पैशात मी दुसरा नवरा करीन." मग त्यांनी ओळखीचा मिस्त्री बोलावला.

मिस्त्री गप्पिष्ट होता, पण कामाचा. त्याने स्वयंपाकघरात उभं राहून चारी बाजूंना नजर फिरवली. भिंतीला तेलकट काळा थर बसला होता. ओट्याखालची लाकडी दारं पाणी पिऊन फुगली होती, एकही नीट लागत नव्हतं. नळाच्या मागच्या फरश्या पडून सिमेंट उघडं पडलं होतं.

"ताई, कुठून सुरू करू?" तो म्हणाला. "सगळंच मेलंय की."

शिडीने आपल्याकडचे आणि लेक घालणार होती ते मिळून किती पैसे आहेत ते सांगितलं. त्याने कान खाजवला. "मग माझं ऐका. ओटा राहू द्या आहे तसा. तो फोडण्यात, परत बांधण्यात निम्मे पैसे जातील. त्यापेक्षा नवी दारं बसवू, नवी फरशी लावू, रंग काढू. आल्यागेल्याच्या डोळ्यांत भरेल असं करून देतो."

"अगं, मिस्त्री म्हणतात ते बरोबर..." नवऱ्याने सुरुवात केली. शिडीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याला लगेच ऐकू येईनासं झालं.

"बाकी सगळं जुनं चालेल मला," शिडी म्हणाली. "फुटकं चालेल, दुसऱ्यांनी टाकून दिलेलं चालेल. ओटा वर घ्या. मला एकदा सरळ उभं राहून स्वयंपाक करायचाय."

हे ती इतकं स्वच्छ बोलली की मिस्त्रीनेही पुढे घासाघीस केली नाही. "मग या, भिंतीला पाठ लावा," त्याने कानावरची पेन्सिल काढली. "कोपर दुमडा. कोपराखाली चार बोटं सोडून ओटा घेतला की हात दुखत नाही, पाठ दुखत नाही. सैल उभ्या राहा."

आता इथे थांबून एक सांगायला हवं. माप घेण्यात शिडीचा हात धरणारी बाई त्या भागात नव्हती. माप म्हटलं की बाई पोट आत ओढते, छाती काढते, श्वास धरते, हे तिला पाठ होतं. "मला तुमच्यासाठी शिवायचंय, तुमच्या फोटोसाठी नाही," ती गिऱ्हाइकांना सांगायची. पण सांगून कुणी सैल होत नाही, हेही तिला माहीत होतं. म्हणून ती गळ्यात टेप अडकवून उगाच सुनेची चौकशी करायची, नाहीतर भाव किती वाढलेत ते काढायची. बाई तावातावाने बोलायला लागली, पोट आपल्या जागी आलं, की पटकन टेप ओढायची. म्हणून तर तिने शिवलेला कपडा कधी काखेत काचला नाही.

आणि तीच बाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली, तशी ताणली. आधी टाचा भिंतीला लावल्या, मग कंबर, मग दात आवळून खांदे. आतून कळ आली असणार, पण चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही. डोकं मागे टेकलं आणि हनुवटी वर आली.

"आई!" लेक ओरडली. "अगं, केवढी उंच आहेस तू!"

नवराही बघत राहिला. त्याला आता बायकोकडे मान वर करून बघावं लागत होतं, आणि किती वर्षांत तशी वेळ आली नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो चक्क हसला. शिडीला इतका आनंद झाला की ती आणखी ताठ झाली. मिस्त्रीने कोपराखाली चार बोटं मोजून भिंतीवर रेघ मारली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की आधी थोड्या गप्पा मारायच्या असतात.

काम सुरू झालं. वरचा काळा दगड अखंड निघाला तरच पैसे पुरणार होते. नवा दगड घ्यायची ऐपत नव्हती. मिस्त्री आणि त्याचे दोन गडी पहारी लावून इंच इंच तो उचलत होते आणि शिडी दारात पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. दगड निघाला, एका कोपऱ्याचा टवका तेवढा उडाला. खालच्या विटांच्या भिंती उघड्या पडल्या. इतक्या बुटक्या दिसत होत्या त्या, की लेक म्हणाली, "आजी इथे भातुकली खेळायची वाटतं." शिडीला हसू आलं नाही.

तेवढे दिवस पुढच्या खोलीत, शिवणयंत्राच्या बाजूला जमिनीवर शेगडी होती. शिडी उकिडवी बसून भात शिजवायची आणि उठताना यंत्राचा पाय धरायची. तेव्हा तिला सासूची फार दया आली. हे असं त्यांनी किती वर्षं केलं असेल, आणि वर धूर, ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याने मान हलवली.

दारं मिळाली एका दाताच्या दवाखान्यातून. तो बंद होत होता, मिस्त्रीने तिथली कपाटाची दारं स्वस्तात उचलून आणली. नवऱ्याने ती घासून रंगवली, तरी उघडलं की आतून औषधाचा वास यायचा. फरश्या म्हणजे दुकानात उरलेला माल. सगळ्या पांढऱ्या, पण दोन पेट्यांचे दोन पांढरे. लावून झाल्यावर लेक म्हणाली, "यातला एक पांढरा आजारी दिसतोय." पण ओटा मात्र रेघेला लावून, तसूभर इकडेतिकडे न होता उभा राहिला. टवक्याचा कोपरा मिस्त्रीने भिंतीकडे फिरवून बसवला.

पहिला चहा करायला शिडी ओट्यापुढे ताठ उभी राहिली. लेकीने फोटो काढला. चहा उकळेपर्यंत ती उभी राहिली, गाळून कपात ओतेपर्यंत राहिली. शेजारणी बघायला आल्या, दगडावरून हात फिरवून गेल्या. एकजण म्हणाली, "मावशी, आता खऱ्या शिडी दिसता." त्या रात्री शिडीने ओटा पुसला आणि मगच ती झोपली.

दुसऱ्या दिवशी लेक आपल्या घरी गेली आणि खरा स्वयंपाक सुरू झाला.

चहा उकळेपर्यंत ताठ राहणं वेगळं आणि दोन वेळची भाजी चिरणं वेगळं. अर्धी भाजी चिरून झाली नाही तोच पाठ आपोआप खाली आली. ती तिच्या नेहमीच्या जागी आली, दुसरं काय? इतक्या वर्षांत मणके त्या आकारात बसले होते. डॉक्टरांनी तिला मागेच सांगितलं होतं, की आता हे सरळ होणार नाही, आहे तेवढं सांभाळा. शिडीने ते कुणाला सांगितलं नव्हतं. पाठ खाली आली आणि ओटा छातीशी आला. कोपरं वर उचलून, खांदे कानाशी नेऊन चिरावं लागायला लागलं. पीठ मळताना जोरच लावता येईना. संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही खांदे ठणकायला लागले.

सवय होईल, असं ती स्वतःला म्हणाली. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून उभी राहायची, ताणायची, आणि तशीच तरातरा ओट्याकडे जायची. पण नळ सोडून हात धुवेपर्यंत पाठ परत खाली. लेकीचा फोन आला की ती म्हणायची, "मस्त झालंय गं. अगदी राणीसारखं वाटतं." आणि फोन ठेवून खांदा चोळत बसायची. बोलणार तरी काय? दाताच्या दवाखान्याची दारं लावली, आजारी फरशी लावली, लेकीला खर्चात घातलं, सगळं त्या एका ओट्यासाठी. आणि एवढं करून सांगायचं, की मला जमत नाही?

माळ्यावर सासूचं एक ठेंगणं लाकडी स्टूल होतं. वरच्या फळीवरचे डबे काढायला सासू त्यावर चढायची, आणि शिडी तिला चिडवायची, "आई, मला सांगितलं असतं तर इथूनच काढून दिलं असतं." एका दुपारी, नवरा झोपलाय असं बघून, शिडीने ते स्टूल काढलं, पुसलं, ओट्यापुढे ठेवलं आणि त्यावर चढली.

ओटा मांड्यांना लागला. पाठ पुढे झुकली, हात खाली गेले आणि सुरी भराभर चालायला लागली. सगळं पूर्वीसारखं झालं. पाठ पूर्वीसारखी दुखायला लागली, पण हे दुखणं निदान ओळखीचं होतं.

मग ते रोजचंच झालं. कुणी आलं की ती पायाने स्टूल दवाखान्याच्या दारामागे सरकवायची.

एके दिवशी दुपारी नवरा पाणी प्यायला आत आला. शिडीची पाठ त्याच्याकडे होती. स्टुलाचा एक पाय तोकडा होता, तिने हात हलवला की ते टकटक वाजायचं. ती त्याच्या आईच्या स्टुलावर उभी होती आणि वाकून भाजी चिरत होती, जशी तो पूर्वी रोज जेवताना बघायचा तशी. तो बराच वेळ दारात थांबला.

"अगं, हे काय?"

शिडी दचकली. खाली उतरायला गेली, पण आता उतरून काय होणार होतं? ती तशीच उभी राहिली.

नवऱ्याने ओट्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. आणि त्या शांत माणसाचा चेहरा लाल झाला. "चुकीचं माप घेतलं त्या गाढवाने! तोंड पाहून पैसे दिले काय आपण? थांब, आत्ता जातो त्याच्याकडे. फोडायला लावतो परत, त्याच्या खर्चाने. समजतो काय स्वतःला!" तो बाहेरच्या खोलीत गेला आणि चप्पल शोधायला लागला. त्याचा आवाज इतका चढलेला शिडीने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. शेजारच्यांनीही ऐकला असेल.

"मिस्त्रीची चूक नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मिस्त्रीची चूक नाही!" ती मोठ्याने म्हणाली. "त्यांनी सैल उभं राहा म्हणून सांगितलं होतं. मी ताणून उभी राहिले. मला वाटलं, ओटा वर आला की मी पण येईन."

नवरा एका पायात चप्पल घालून उभा होता. "मग तेव्हा सांगायचं नाही का? मी त्याच्याशी बोलतो. तो ऐकेल. मी भांडतो त्याच्याशी."

शिडीने सुरी ओट्यावर ठेवली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही तिने इतकी वर्षं गिळलं होतं, की आता कुठलं आधी बाहेर येईल हे तिलाही माहीत नव्हतं.

"आता काय भांडता हो?" ती म्हणाली. "भांडायचं तर तेव्हा भांडायचं होतं. एकदा, फक्त एकदा, आईंना म्हणायचं होतं, की तिची पाठ दुखतेय, घेऊ या ओटा वर. तुमच्यासमोर बोलले होते मी. तुम्ही तिथे बसून भात कालवत होता. तेव्हा तर तुम्हाला ऐकू येत होतं."

बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली, बहुतेक कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक असावं. दोघांपैकी कुणी दार उघडायला गेलं नाही. थोड्या वेळाने पावलं परत गेली.

मग त्याने पायातली चप्पल काढली. टेबलावरचा जुना कागद घेतला आणि छापखान्यातल्या सवयीने नीट, काठाला काठ जुळवून दुमडला. परत दुमडला. आत येऊन गुडघ्यावर बसला आणि तोकड्या पायाखाली ती घडी सरकवली. एका हाताने स्टूल हलवून पाहिलं. हाताचं काम झालं तरी तो लगेच उठला नाही, मान खाली घालून तिच्या पायांशी तसाच बसून राहिला.

"हलत नाही आता," तो म्हणाला.

भाजी अर्धी राहिली होती. तिने सुरी उचलली, वाकली आणि उरलेली भाजी चिरायला लागली.